प्रार्थनापरंपरा, मराठी ख्रिस्ती

गोवा, वसई व महाराष्ट्राचा उर्वरित प्रदेश यांतील ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये सोळाव्या शतकापासून घडत आलेली सामुदायिक, कौटुंबिक व एकांतातील प्रार्थनेची रीत. एखाद्या मंडळीत प्रार्थना म्हटली जाते, एवढ्याने तेथे प्रार्थनेची परंपरा निर्माण झाली असे होत नाही. प्रार्थनेच्या ठरलेल्या वेळा, सर्वांना मुखोद्गत असलेले शब्द, मुलांना ते शिकविण्याची घरातील सोय आणि धर्मगुरू उपस्थित नसतानाही प्रार्थना चालू ठेवणारी माणसे, या गोष्टी एकत्र आल्या म्हणजे परंपरा रुजते. मराठी प्रदेशात ख्रिस्ती धर्म मुख्यतः दोन वेळा बाहेरून आला : सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर रोमन कॅथलिक पंथाच्या रूपाने आणि एकोणिसाव्या शतकात अमेरिकन व ब्रिटिश मिशनऱ्यांबरोबर प्रॉटेस्टंट पंथांच्या रूपाने. दोन्ही प्रसंगी प्रार्थना परक्या साच्यातच आली. ती लोकांची स्वतःची होण्यासाठी भाषा, छंद, चाली आणि बैठक यांचे प्रश्न सोडवावे लागले. ते कोणी व कसे सोडविले, हाच या परंपरेच्या इतिहासाचा गाभा होय.

पार्श्वभूमी : ठराविक वेळी प्रार्थना करण्याची चाल ख्रिस्ती मंडळीला ज्यू धर्माकडून मिळाली. पहिल्या शतकाच्या अखेरीच्या अथवा दुसऱ्याच्या आरंभीच्या डिडाखी या ग्रंथात प्रभूची प्रार्थना दिवसातून तीन वेळा म्हणावी, असा आदेश आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांसाठी केलेल्या नियमांत दिवसा सात वेळा व रात्री एकदा सामुदायिक उपासना सांगितली असून तिचा मुख्य आशय स्तोत्रसंहितेचे पठण हा होता. मठांपुरता मर्यादित झालेला हा क्रम सामान्य जनांसाठी सुटसुटीत करण्याचा महत्त्वाचा प्रयत्न इंग्लंडमध्ये झाला. तेथे १५४९ च्या प्रार्थनापुस्तकाने आठ वेळांच्या जागी सकाळ व संध्याकाळ अशा दोन उपासना ठेवल्या आणि त्या लॅटिनऐवजी इंग्रजीत आणल्या. जर्मनीतील हेर्नहुट येथे मोरेव्हियन पंथीयांनी १७२७ मध्ये स्त्रीपुरुषांमध्ये तास वाटून घेऊन अखंड प्रार्थनेचा क्रम सुरू केला व तो शंभराहून अधिक वर्षे चालला. नियमित वेळ, लोकभाषा आणि सामान्य स्त्रीपुरुषांचा सहभाग ही तीन सूत्रे या उदाहरणांतून स्पष्ट होतात. मराठी प्रदेशातही याच तीन सूत्रांभोवती प्रार्थनाजीवन घडले अथवा त्यांच्या अभावी खुंटले.

गोवा व वसई : पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकले आणि १५३४ मध्ये वसईचा प्रदेश त्यांच्याकडे आला. पोर्तुगीज सत्तेखालील धर्मांतरांमागे श्रद्धा, सवलती व सक्ती या तिन्हींचा वाटा होता. साष्टी तालुक्यातील देवळे १५६७ मध्ये पाडण्यात आली. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच जेझुइटांची हत्या झाली. गोव्यातील धर्मसमीक्षण न्यायालय १५६० पासून, मध्यंतरीचा अल्प काळ वगळता, १८१२ पर्यंत चालू होते. अशा परिस्थितीत नवख्रिस्ती कुटुंबांतून पुराणश्रवण, ओव्या व सणांची गाणी काढून घेतली गेली आणि त्यांच्या जागी लॅटिन मिस्सा आली. मिस्सेत लोक हजर राहत, परंतु तिचे शब्द त्यांना कळत नसत. त्यामुळे जुने गेले आणि नवे मनात उतरले नाही, अशी पोकळी निर्माण झाली.

ही पोकळी ओळखून ती भरण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने केला. तो १५७९ मध्ये गोव्यात आला व १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत मुख्यतः साष्टीत राहिला. त्याचे ख्रिस्तपुराण राचोल येथे १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. सु. ११,००० ओव्यांच्या या ग्रंथाच्या पहिल्या भागात जुन्या कराराची व दुसऱ्या भागात नव्या कराराची कथा आहे. जुनी पुराणे वाचण्यास बंदी झाली, तर त्यांच्या जागी आम्हांला दुसरे काही मिळावे, अशी एका नवख्रिस्ती श्रोत्याची विनंती ग्रंथाच्या आरंभीच आली आहे. मराठी ख्रिस्ती प्रार्थनेचा मूळ प्रश्न या विनंतीत प्रथमच शब्दबद्ध झाला, असे म्हणता येईल. स्टीफन्सने पुराणाची श्रवणपद्धती व ओवीचा छंद स्वीकारला. त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या श्रोत्यालाही कथा पाठ होऊ लागली. ग्रंथाच्या १६४९ व १६५४ मध्ये आणखी आवृत्त्या निघाल्या. स्टीफन्सनेच लोकभाषेत तयार केलेली धर्मतत्त्वांची प्रश्नोत्तरावली १६२२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्याद्वारे प्रभूची प्रार्थना, मरियेची प्रार्थना व श्रद्धासूत्र ही मुलांच्या तोंडी बसविण्याचे साधन मिळाले. एत्येन द ला क्र्वा या फ्रेंच जेझुइटाचे संत पीटरवरील ओवीबद्ध पुराण १६२९ मध्ये छापले गेले.

हे कार्य शासनाच्या भाषाविषयक धोरणामुळे अडले. पोर्तुगीज विजरईने १६८४ च्या जूनमध्ये काढलेल्या हुकूमनाम्याने स्थानिक लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असे फर्माविले. १७३६ मध्ये धर्मसमीक्षण न्यायालयाने लग्नातील गाण्यांपासून पोशाखापर्यंतच्या अनेक देशी चालींना मनाई केली. तथापि ख्रिस्तपुराण हस्तलिखितांच्या आणि पठणाच्या रूपाने टिकले. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत ते विशेष जपले गेले व १९०७ मध्ये तेथेच त्याची नवी मुद्रित आवृत्ती निघाली. देवनागरी लिपीतील आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुण्यास प्रसिद्ध केली.

चर्चमधील विधी लॅटिनमध्ये असला, तरी घर व वाडा येथे प्रार्थनेने वेगळे वळण घेतले. गोव्यात संध्याकाळी कुटुंबाने एकत्र बसून जपमाळ म्हणण्याची, म्हणजे ‘तेर्स’ची प्रथा पडली. रस्त्याकडेच्या क्रुसापाशी वा घरी शेजाऱ्यांना बोलावून ‘लादीन’ गाण्याची चालही रूढ झाली. वसई भागातही गावोगावचे क्रूस ही प्रार्थनेची स्थाने बनली. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीज धर्मगुरू बहुतांशी निघून गेले. तरीही तेथील ख्रिस्ती समाज टिकून राहिला, याचे श्रेय स्थानिक धर्मगुरूंना व या घरगुती प्रार्थनेला द्यावे लागते. राजाश्रय गेल्यावर परंपरेची खरी कसोटी लागते आणि ती कसोटी येथे पार पडली.

मिशनकाळ : गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस आले. १८३१ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनचे केंद्र सुरू झाले. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत दाखल झाले. प्रॉटेस्टंट मिशनांचा भर लोकभाषेतील बायबलवर होता. सेरामपूर येथे १८११ मध्ये व मुंबईत अमेरिकन मिशनकडून १८२६ मध्ये नव्या कराराची मराठी भाषांतरे प्रसिद्ध झाली. त्यामुळे भाषेचा अडसर आरंभीच दूर झाला, असे वरकरणी दिसते. प्रत्यक्षात शब्द मराठी झाले, तरी उपासनेचा साचा परदेशीच राहिला. इंग्रजी चालींवर बसविलेली मराठी गीते, बाकांवरील बैठक, दीर्घ प्रवचन व रविवारचा ठरीव क्रम हे सर्व न्यू इंग्लंडमधील अथवा स्कॉटलंडमधील चर्चचे अनुकरण होते. मराठी शब्दांतील ऱ्हस्वदीर्घ इंग्रजी चालीच्या आघातांशी जुळत नसत. त्यामुळे गीत म्हणताना शब्द मोडत आणि अर्थही निसटे.

या काळाची एक मोठी देणगी मात्र विसरता येणार नाही. सर्वसामान्य सभासदाने, पुस्तकाचा आधार न घेता, स्वतःच्या शब्दांत मोठ्याने प्रार्थना करावी, अशी अपेक्षा काँग्रिगेशनल व प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत असे. अहमदनगर परिसरातील खेड्यांतील मंडळ्यांत बहुसंख्य सभासद महार व मांग समाजांतून आलेले होते. ज्यांना गावच्या देवळात प्रवेश नव्हता आणि सभेत ज्यांचा शब्द धरला जात नसे, त्यांना येथे मंडळीसमोर उभे राहून देवाशी बोलता येऊ लागले. सामाजिक दृष्ट्या ही घटना सामान्य नव्हे. अँग्लिकन मंडळ्यांत लिखित प्रार्थनांचा वापर होता. त्यांत स्वातंत्र्य कमी असले, तरी तेच शब्द दर आठवड्याला कानी पडल्याने निरक्षर उपासकालाही ते पाठ होत, हा त्यांचा गुण होय.

प्रार्थनेला सामुदायिक शिस्त देणारी एक चळवळ भारतातूनच जगभर गेली. लुधियाना येथील प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी १८५८ मध्ये जगातील सर्व मंडळ्यांना आवाहन केले आणि त्यानुसार जानेवारी १८६० मध्ये पहिला प्रार्थना सप्ताह पाळला गेला. वर्षारंभी प्रार्थना सप्ताह पाळण्याची रीत पुढे मराठी मंडळ्यांतही रुजली. ख्रिस्ती सामुदायिक उपासनेचा प्रभाव मंडळीबाहेरही पडला. १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाने साप्ताहिक उपासनेचा क्रम स्वीकारला, मात्र तीत तुकारामादी संतांच्या अभंगांना स्थान दिले. देशी आशय व सामुदायिक क्रम यांचा मेळ घालता येतो, हे या उदाहरणातून मराठी ख्रिस्ती लोकांसही दिसले.

कीर्तन व अभंग : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगर येथील अमेरिकन मराठी मिशनच्या देशी कार्यकर्त्यांनी कीर्तनाचा अवलंब केला. त्यांत कृष्णराव रत्नोजी सांगळे हे प्रमुख होत. बायबलमधील आख्यान, पदे, टाळ व मृदंग अशा सामग्रीने उभे राहिलेले हे कीर्तन प्रथम धर्मप्रसारासाठी योजलेले होते. लवकरच त्यातील पदे मंडळीच्या उपासनेत व घराघरांत म्हटली जाऊ लागली. सांगळे यांच्या पदांमुळे मराठी वृत्ते व देशी चाली यांना चर्चमध्ये मान्यता मिळाली.

या प्रवाहाला उच्च काव्याची जोड नारायण वामन टिळक यांनी दिली. त्यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भूमिका होती आणि त्यांची रचना पाहता ती केवळ अलंकारिक वाटत नाही. अभंगांजलि या संग्रहातील व इतर रचनांत भक्ताची आर्तता, देवाशी सलगी, स्वतःच्या उणिवेची कबुली आणि नामाची ओढ हे वारकरी भक्तीचे भाव ख्रिस्ताच्या ठायी एकवटले आहेत. टिळकांपूर्वीच्या गीतांत सिद्धांत पुष्कळ वेळा पद्यात मांडलेला असे. टिळकांच्या अभंगांत उपासक स्वतः बोलतो. त्यामुळे ही गीते म्हणणाऱ्याला प्रार्थनेसाठी वेगळे शब्द शोधावे लागत नाहीत. उपासना संगीत या मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या गीतसंग्रहात त्यांच्या रचनांचा मोठा वाटा आहे. शेतात वा स्वयंपाकघरात काम करतानाही त्या गुणगुणल्या जातात, हे त्यांच्या यशाचे गमक होय. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात प्रवेश होता. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाल्याने हा प्रयोग वाढू शकला नाही. त्यांचे अपुरे राहिलेले ख्रिस्तायन लक्ष्मीबाई टिळक यांनी पूर्ण केले.

मुक्तिसदन : मराठी ख्रिस्ती प्रार्थनाजीवनातील सर्वांत विलक्षण घटना पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे घडली. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढले व पुढील वर्षी ते पुण्यास हलविले. १८९६-९७ च्या व १८९९-१९०० च्या दुष्काळांत निराधार झालेल्या स्त्रिया व मुली केडगावच्या मुक्तिसदनात आल्या व तेथील संख्या सु. दोन हजारांपर्यंत गेली. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी तेथे रोज प्रार्थनेसाठी एकत्र येण्याचा परिपाठ सुरू केला. आरंभी सु. सत्तर जणी येत. जूनपर्यंत दिवसातून दोनदा जमणाऱ्यांची संख्या सु. ५५० झाली. जूनच्या अखेरीस तेथे तीव्र धार्मिक जागृतीचा अनुभव आला. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत, रडत, पापांची कबुली देत आणि त्यानंतर गटागटाने आसपासच्या खेड्यांत सुवार्तेसाठी जात. मुक्तिसदनातील मिनी एब्रम्स यांच्या १९०६ मधील पुस्तिकेमुळे ही वार्ता परदेशांत पोहोचली व जगातील पेंटेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात केडगावला स्थान मिळाले.

या जागृतीवर टीकाही झाली. गोंगाट, भावनेचा अतिरेक व अज्ञान मुलींची अनुकरणप्रवृत्ती असे आक्षेप काही मिशनऱ्यांनीही घेतले. रमाबाईंनी अतिरेकाची शक्यता नाकारली नाही. परंतु भारतीय स्त्रियांनी पाश्चात्त्य शिष्टाचाराप्रमाणेच प्रार्थना करावी, हा आग्रह त्यांनी मान्य केला नाही. अन्य देशांतील ख्रिस्ती लोकांप्रमाणे भारतीयांमध्येही पवित्र आत्म्याला स्वतंत्रपणे कार्य करू द्यावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. या प्रार्थना करणाऱ्या बहुतेक मुली दुष्काळातून वाचलेल्या, नातेवाईकांना मुकलेल्या, कित्येक बालविधवा होत्या. त्यांच्या आक्रोशाला येथे प्रथमच एक स्थान मिळाले, ही गोष्ट टीकाकारांच्या लक्षात फारशी आली नाही. तसेच १९०५ च्या जूनमधील प्रसंग अकस्मात उद्भवला नव्हता. त्यामागे सहा महिन्यांचा दैनंदिन परिपाठ होता.

रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक मूळ पाहून केलेले बायबलचे मराठी भाषांतर मुक्तिसदनाच्याच मुद्रणालयात छापले गेले व त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये संपूर्ण प्रसिद्ध झाले. अल्पशिक्षित स्त्रियांना समजेल अशी साधी भाषा त्यांनी योजली. हिंदू तत्त्वज्ञानाचा अर्थ चिकटलेले संस्कृत शब्द त्यांनी कटाक्षाने टाळले. येथे त्यांची व टिळकांची वाट वेगळी होते. टिळकांना संतपरंपरा हा पूल वाटला, तर रमाबाईंना जुन्या शब्दांबरोबर जुने बंधन परत येईल अशी धास्ती होती. दोघेही ब्राह्मण कुटुंबांतून आलेले असूनही त्यांनी दिलेली ही भिन्न उत्तरे अभ्यासनीय आहेत.

आश्रम व उपासनाविधी : अँग्लिकन मिशनरी जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये अहमदनगर येथे ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. नंतर संघाचा आश्रम पुण्यातील शिवाजीनगर येथे आला. भारतीय व युरोपीय सभासदांनी एकत्र राहावे, साधा आहार व खादी वापरावी आणि नेमलेल्या वेळी प्रार्थना व ध्यान करावे, असा तेथील क्रम होता. व्हेरिअर एल्विन हे १९२७ मध्ये प्रथम याच संघात आले. विन्स्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० मध्ये भारतीय मंडळीसाठी प्रभुभोजनाच्या विधीची एक नवी मांडणी प्रसिद्ध केली. तिचा आधार केरळातील सिरियन ख्रिस्ती उपासना हा होता. १९७० च्या दशकात हाच आश्रम अँग्लिकन व रोमन कॅथलिक भगिनींनी एकत्र चालविला आणि पंथभेदापलीकडील प्रार्थनेचे ते एक केंद्र झाले.

अलीकडील काळ : दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक संविधानाने मिस्सेत लोकभाषेचा वापर करण्यास अनुमती दिली. वसई परिसरात मिस्सा मराठीत होऊ लागली व तिच्यासाठी मराठी गीते रचली गेली. १९५५ पासून निघू लागलेल्या सुवार्ता मासिकाने या समाजाच्या मराठी लेखनाला व्यासपीठ दिले. त्याचे दीर्घकाळ संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो (मृ. २०२४) यांचे सुबोध बायबल याच परिवर्तनाचे फळ होय. १९६९ मध्ये रोमने भारतीय बिशपांच्या बारा सूचनांना संमती दिली. त्यांनुसार भुईवर बसणे, पंचांग प्रणाम व आरती यांना उपासनेत स्थान मिळाले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारतीय चर्चची स्थापना होऊन अनेक प्रॉटेस्टंट प्रवाह एकत्र आले. परिणामी लिखित व उत्स्फूर्त अशा दोन्ही प्रार्थनापद्धती एकाच चर्चमध्ये नांदू लागल्या.

देशीकरणाच्या या प्रयत्नांवर १९८० च्या दशकापासून दलित ख्रिस्ती विचारवंतांनी मूलभूत आक्षेप घेतला. अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगळूर येथील व्याख्यानात ज्या विचाराची मांडणी केली, त्याचा रोख असा, की भारतीयता म्हणजे ब्राह्मणी परंपरा असे गृहीत धरल्यास मंडळीतील बहुसंख्यांचा अनुभव बाहेरच राहतो. आश्रम, ध्यान व संस्कृत संज्ञा यांबाबत हा आक्षेप सबळ आहे. अभंगाबाबत तो तितकासा लागू पडत नाही, कारण अभंग हा चोखामेळ्याचाही वारसा आहे. खेड्यांतील मंडळ्यांनी आश्रमीय उपासनेपेक्षा भजन व कीर्तन अधिक सहजपणे स्वीकारले, याचे एक कारण येथे सापडते.

मूल्यमापन : चार शतकांच्या या इतिहासात वरून लादलेले उपासनाक्रम अनेकदा बदलले. टिकले ते लोकांना पाठ झालेले. ख्रिस्तपुराणाला बंदीच्या भाषाधोरणातून स्मरणाने वाचविले. वसईच्या समाजाला सत्तांतराच्या काळात घरातील जपमाळेने आधार दिला, तर टिळकांची गीते मिशनऱ्यांच्या मागे उरली. मुक्तिसदनाचा अनुभव असे दर्शवितो, की परिपाठ व उत्कटता परस्परविरोधी नसून परिपाठातूनच उत्कटतेला वाट मिळते. शहरांतील मराठी ख्रिस्ती कुटुंबांत मुलांचे शिक्षण आज मोठ्या प्रमाणावर इंग्रजीत होते. त्यामुळे आजीच्या तोंडचा अभंग नातवंडांना गाता येतो, पण नेहमी कळतोच असे नाही. स्टीफन्ससमोर १६१६ पूर्वी जो प्रश्न आला होता, तो आता उलट्या दिशेने पुन्हा उभा आहे. समजणाऱ्या भाषेत, स्वतःच्या छंदात आणि घरातील रोजच्या वेळी प्रार्थना चालू राहते की नाही, यावरच या परंपरेचे पुढील आयुष्य अवलंबून राहील.